लहान पेटी, मोठी उष्णता : प्रोसेसरच्या वायुशीतनाचा इतिहास (१९८०–२०२३)

प्रास्ताविक

'कूलर' हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की वाळ्याच्या ताट्या लावलेला, पाणी झिरपणारा आणि चैत्रापासून मृगापर्यंत खिडकीत घरघरणारा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. संगणकातील प्रोसेसरवर बसविला जाणारा कूलर या कुळातला नव्हे. खिडकीतील कूलर पाण्याचे बाष्पीभवन घडवून येणाऱ्या हवेचे तापमान प्रत्यक्ष खाली आणतो. प्रोसेसरवरील कूलर हवा थंड करीत नाही. प्रोसेसरची उष्णता तो हवेच्या स्वाधीन करतो, एवढेच. त्यामुळे तो कितीही उत्तम असला तरी प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होणे शक्य नसते. हा भेद प्राथमिक स्वरूपाचा असला तरी गेल्या चार दशकांच्या संगणक-इतिहासात तो अनेकदा विसरला गेला आणि त्याची किंमत कधी उत्पादकाने, तर कधी ग्राहकाने मोजली.

गेमिंगसाठी लहान आकाराचा संगणक जुळविणाऱ्या व्यक्तीपुढे आज जो पहिला अडचणीचा प्रश्न उभा राहतो तो प्रोसेसरच्या कूलरचा होय. कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर उंची शिल्लक आहे, प्रोसेसर किती वॅट उष्णता देणार आहे, किती आवाज सहन होणार आहे, या तिन्ही गोष्टींचा मेळ त्याला स्वतःलाच घालावा लागतो. वास्तविक पाहता हा प्रश्न अभियंत्याचा आहे. तो ग्राहकाच्या पदरी केव्हा आणि कसा पडला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. कूलर हा संगणकाच्या इतिहासातील दुर्लक्षित घटक मानला जातो. प्रोसेसरचे वेग आणि ट्रान्झिस्टरांची संख्या यांच्या वंशावळी पुष्कळ लिहिल्या गेल्या; त्या वेगाला मर्यादा कोणी घातली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

खोलीकडून पेटीकडे

१९४६ साली फिलाडेल्फिया येथे जगासमोर आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' असे नाव मिळालेल्या भारतीय बनावटीच्या संगणकातही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रांच्या बाबतीत शीतन ही खोलीची जबाबदारी होती. यंत्र खोलीएवढे असल्यामुळे वायुवीजनाची व्यवस्था इमारतीच्या आराखड्यातच करावी लागे. पुढे १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकात फ्रिऑन वायूचे शीतयंत्र आले, तर १९८५ च्या क्रे-२ मध्ये सर्व मंडले एका विद्युतरोधक द्रवात बुडविली गेली. या दोन्ही प्रसंगी शीतनाचा विचार यंत्राच्या विचाराबरोबरच झाला, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

घरगुती आणि कार्यालयीन संगणक आल्यावर हा धागा सैल झाला. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील इंटेल ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर कोणत्याही हीट सिंकविना उघडाच काम करीत असे. त्या संगणकातील एकमेव पंखा एसएमपीएसमध्ये होता आणि तो पुरेसा होता. उष्णता हा विषय जणू महासंगणकांपुरताच उरला होता.

या निश्चिंततेला पहिला तडा गेला तो ॲपल कंपनीच्या 'ॲपल ३' या संगणकामुळे. १९८० च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या या यंत्रात पंखा नसावा, असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. पंख्याचा आवाज कार्यालयाच्या टेबलावर अशोभनीय वाटतो, ही त्यामागची भूमिका होती. उष्णता वाहून नेण्यासाठी ओतीव ॲल्युमिनियमचा जड तळ देण्यात आला. प्रत्यक्षात सुरुवातीच्या यंत्रांतील चिपा आपल्या खोबणीतून सैल होऊ लागल्या. यंत्राची पुढची बाजू काही इंच उचलून टेबलावर सोडावी म्हणजे चिपा पुन्हा जागेवर बसतील, असा सल्ला कंपनीकडूनच ग्राहकांना दिला गेला. सुरुवातीची सुमारे १४,००० यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली आणि १९८४ मध्ये ही मालिका बंद पडली.

ॲपल ३ च्या अपयशाचे खापर सर्वस्वी पंख्याच्या अभावावर फोडण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे न्याय्य म्हणता येणार नाही. या यंत्राच्या बाह्यांगाचे रचनाकार जेरी मॅनॉक यांनी, तळ उष्णता पुरेशी वाहून नेत होता आणि खरा दोष दाटीवाटीने रेखाटलेल्या मंडलफलकाचा होता, अशी बाजू मांडली आहे. परंतु दाटीदेखील आकाराच्या हट्टातूनच निर्माण झाली होती. बाह्याकार आधी निश्चित झाला आणि आतील मंडले नंतर त्यात बसविण्यात आली. आकार आधी, उष्णता नंतर, हा क्रम येथे प्रथम ठळकपणे दिसतो.

हा क्रम पुढेही चालू राहिला. १९८४ च्या मूळ मॅकिंटॉशमध्ये पंखा नव्हता. लोक त्यावर पुठ्ठ्याचे धुराडे बसवून गरम हवेला वरच्या दिशेने ओढ देत असत. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये अखेर पंखा आला. २००० सालच्या जुलैमध्ये आलेला 'पॉवर मॅक जी४ क्यूब' हा आठ इंचांचा घन पुन्हा पंख्याविना होता. खालून आत येणारी हवा तापून वरच्या जाळीतून निघून जाई. वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. मात्र त्याला उष्णतेपेक्षा किंमत अधिक नडली. नैसर्गिक अभिसरणावर चालणारी त्याची रचना आपल्या काळातील प्रोसेसरला पुरी पडत होती. ती पुढच्या पिढीला पुरी पडली नसती.

प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा

पीसीच्या विश्वात बदल घडला तो १९९० नंतर. ४८६ मालिकेतील वेगवान प्रोसेसरांवर हीट सिंक दिसू लागले आणि १९९३ मध्ये आलेल्या पाच व्होल्टवर चालणाऱ्या पहिल्या पेंटियमने सुमारे १५ वॅट उष्णता देऊन पंख्याची गरज सिद्ध केली. पंधरा वॅट म्हणजे आजच्या हिशेबाने चिल्लर. परंतु तोपर्यंत मदरबोर्डवरील कोणत्याही एका चिपेने एवढी उष्णता दिलेली नव्हती.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड आणि कॅबिनेटचे मानक प्रसिद्ध केले. त्याच्या मूळ कल्पनेनुसार प्रोसेसर एसएमपीएसच्या शेजारी असावा, एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून ती प्रोसेसरवर सोडावी आणि अशा रीतीने प्रोसेसरला वेगळा पंखाच लागू नये, अशी योजना होती. कागदावर ती सुंदर होती. व्यवहारात एसएमपीएसच्या उष्णतेने आधीच तापलेली हवा प्रोसेसरच्या वाट्याला येई. पुढे पंख्याची दिशा उलटविण्यात आली, प्रोसेसरला स्वतंत्र पंखा मिळाला, आणि एटीएक्सचा सांगाडा मात्र तसाच राहिला. शीतनाची मूळ कल्पना गळून पडल्यावरही तिच्याभोवती बांधलेले घर उभे राहिले, असे म्हणता येईल. आजही लहान कॅबिनेटमध्ये घटकांची फेरमांडणी करावी लागते, याचे एक कारण या वारशात आहे.

या काळात प्रोसेसरच्या खोक्यातच उत्पादकाचा कूलर मिळत असे. ग्राहकाला निवड करावी लागत नव्हती. स्वतंत्र कूलरची बाजारपेठ निर्माण केली ती प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापलीकडे पळविणाऱ्या हौशी मंडळींनी. १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर सहजपणे ४५० मेगाहर्ट्झवर चालतो, हे कळल्यावर तर या हौसेला अर्थशास्त्राचाही आधार मिळाला. कमी पैशांत महागड्या प्रोसेसरचा वेग मिळत असेल तर वाचलेल्या पैशांत उत्तम कूलर घेता येतो. गेमिंग करणारा तरुण वर्ग या हिशेबाचा पहिला लाभार्थी होता.

२००१ ते २००४ : संकटाची वर्षे

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या चार वर्षांत उष्णतेचा प्रश्न ऐरणीवर आला. २००१ च्या फेब्रुवारीत एका आंतरराष्ट्रीय परिषदेत इंटेलचे पॅट्रिक गेल्सिंगर यांनी, आहे त्याच मार्गाने गेल्यास चिपेवरील उष्णतेची घनता २००५ पर्यंत अणुभट्टीच्या, २०१० पर्यंत अग्निबाणाच्या तोटीच्या आणि २०१५ पर्यंत सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळ जाईल, असा इशारा दिला. इशारा देणारा गृहस्थ त्याच मार्गाने जाणाऱ्या कंपनीचा तंत्रप्रमुख होता, ही यातील गंमत होय.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने एक प्रयोग चित्रित केला. गेम चालू असताना प्रोसेसरवरील हीट सिंक अचानक काढून घेण्यात आला. एएमडीचा ॲथलॉन क्षणार्धात धूर सोडून जळाला. इंटेलचा पेंटियम ४ आपला वेग कमी करून तगून राहिला. प्रयोग कृत्रिम होता, हे खरे. चालू संगणकातील कूलर काढून टाकणारा मनुष्य विरळाच. तरीही त्याचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही. उष्णतेपासून स्वतःचा बचाव करण्याची जबाबदारी चिपेने स्वतः घेतली पाहिजे, ही गोष्ट त्यामुळे सर्वसामान्य ग्राहकाच्याही ध्यानी आली. पुढील काळात सर्वच प्रोसेसरांमध्ये ही योजना आली. तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की निकृष्ट कूलरची शिक्षा अदृश्य झाली. पूर्वी कूलर कमी पडला तर संगणक बंद पडे. आता तो फक्त मंदावतो, आणि मालकाला कित्येकदा त्याचा पत्ताही लागत नाही.

आवाजाचा प्रश्नही याच वर्षांत तीव्र झाला. ६० मिलिमीटर व्यासाचे, मिनिटाला सात हजार फेरे घेणारे पंखे तेव्हा हौशी मंडळींत प्रतिष्ठेचे मानले जात. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जाई. पंख्याच्या नियमांनुसार एकाच घडणीच्या पंख्यांमध्ये हवेचा प्रवाह हा व्यासाच्या घनाच्या आणि फेऱ्यांच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास दुप्पट, १२० मिलिमीटर, केला की तेवढीच हवा एक-अष्टमांश फेऱ्यांत, सुमारे पावणेनऊशे फेऱ्यांत मिळते. फेरे दुप्पट केले की आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, हे लक्षात घेतले तर मोठ्या आणि संथ पंख्याकडे झालेली वाटचाल अटळ होती. परंतु मोठा पंखा म्हणजे मोठा कूलर आणि मोठा कूलर म्हणजे मोठे कॅबिनेट. लहान संगणकाच्या दृष्टीने हे शहाणपण निरुपयोगी होते.

२००४ च्या फेब्रुवारीत 'प्रेस्कॉट' हा पेंटियम ४ चा नवा अवतार आला. ट्रान्झिस्टर लहान झाले की वीज कमी लागते, हा आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम येथे लंगडा पडला. ९० नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरांमधून काम नसतानाही वीज झिरपू लागली. या मालिकेतील वरच्या प्रोसेसरांचा आकडा ११५ वॅटपर्यंत गेला. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने 'तेजास' हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि वाढत्या वेगाची शर्यत सोडून अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरांचा मार्ग धरला. उष्णतेसाठीच आखलेले बीटीएक्स हे नवे कॅबिनेट-मानक इंटेलने २००४ मध्ये बाजारात आणले. २००६ मध्ये सुमारे ६५ वॅटचे कोअर २ ड्युओ प्रोसेसर आल्यावर त्याची निकड संपली आणि त्याच वर्षी ते गुंडाळले गेले. प्रोसेसर थंड झाल्यामुळे कॅबिनेट सुधारण्याची संधी हुकली, असे या घटनेचे वाचन करणे चुकीचे ठरणार नाही.

माठ आणि उष्णतानलिका

या संकटातून वायुशीतन तगले ते प्रामुख्याने उष्णतानलिकेमुळे, म्हणजे बाजारात ज्याला 'हीट पाइप' म्हणतात त्या साधनामुळे. तांब्याची बंद नळी, तिच्या आतील भिंतीवर सच्छिद्र वातीसारखे अस्तर आणि आत थोडेसे पाणी, एवढीच तिची सामग्री. नळीतील हवा काढून टाकलेली असल्याने पाणी कमी तापमानालाही उकळते. प्रोसेसरकडील टोकाला वाफ तयार होते, ती थंड टोकाकडे धावते, तेथे आपली सुप्त उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून केशाकर्षणाने मूळ जागी परतते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण येथेही आहे. फरक असा की माठाचे पाणी उडून जाते आणि माठ पुन्हा भरावा लागतो. नळीचे पाणी मात्र घरीच परत येते.

या कल्पनेचे पेटंट जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉग्लर यांना १९४४ मध्येच मिळाले होते, परंतु तिचा विशेष उपयोग झाला नाही. १९६३ मध्ये लॉस ॲलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, तिचे नामकरण केले, आणि तिचा पहिला गंभीर वापर अंतराळयानांच्या संदर्भात झाला. अंतराळातून लॅपटॉपमध्ये आणि तेथून टेबलावरील संगणकात असा तिचा प्रवास आहे. लहान गेमिंग संगणकाच्या इतिहासात तिचा पहिला ठळक मुक्काम म्हणजे तैवानच्या शटल कंपनीचे 'एक्सपीसी' संगणक. २००१ च्या एसव्ही२४ मध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविण्यास जागा नव्हती, म्हणून तो गेमिंगच्या कामाचा नव्हता. २००२ च्या एसएस५१जी मध्ये पेंटियम ४ आणि ग्राफिक्स कार्डाची खाच दोन्ही आली. प्रोसेसरवर पंखा न ठेवता उष्णतानलिकांनी उष्णता मागच्या भिंतीपर्यंत नेली आणि तेथील एकाच पंख्याने प्रोसेसर व कॅबिनेट या दोहोंची हवा बाहेर टाकली. संगणक काखेत मारून मित्राच्या घरी नेण्याची सोय प्रथमच खऱ्या अर्थाने झाली. या रचनेत कूलर, मदरबोर्ड आणि कॅबिनेट एकाच कंपनीने एकत्र विचार करून आखले होते. तेच तिचे बळ होते आणि तीच तिची मर्यादा. मदरबोर्ड बदलायचा झाल्यास सर्वच बदलावे लागे.

टेबलावरील मोठ्या संगणकांत मात्र उष्णतानलिका उभ्या राहिल्या. धातूच्या पाकळ्यांचा उंच मनोरा, त्यातून आडवी वाहणारी हवा, अशी 'टॉवर' जातीची कूलर रूढ झाली. तैवानची थर्मलराइट, कोरियाची झालमन, २००५ मध्ये स्थापन झालेली ऑस्ट्रियाची नॉक्टुआ या कंपन्यांनी हे क्षेत्र घडविले. नॉक्टुआचा २०१४ चा एनएच-डी१५ हा १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसह सव्वा किलोहून अधिक वजनाचा आहे. कारखान्यातच भरून बंद केलेल्या पाण्याच्या कूलरांशी, ज्यांचा बाजार २००९ नंतर वाढला, तो बरोबरी करतो. पाणी श्रेष्ठ आणि हवा कनिष्ठ, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. पाणी उष्णता केवळ दुसऱ्या ठिकाणी नेते; अखेर तीही हवेतच सोडावी लागते. शिवाय पंप निकामी होऊ शकतो, हवेच्या कूलरमधील धातू निकामी होत नाही.

अठ्ठेचाळीस मिलिमीटर

२००१ मध्ये व्हीआयए कंपनीने १७ सेंटिमीटर चौरस आकाराचा मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्ड मांडला. हेतू होता मंद, कमी विजेच्या संगणकांचा. पुढे पूर्ण ताकदीचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे त्यावर बसू लागली आणि लहान गेमिंग संगणकाला शटलसारख्या एका कंपनीच्या बंधनातून मुक्ती मिळाली. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून साकारलेले एनकेस एम१ हे १२.६ लिटरचे कॅबिनेट आणि २०१६ मध्ये तशाच वर्गणीतून आलेले जर्मन रचनेचे डॅन ए४-एसएफएक्स हे ७.२ लिटरचे कॅबिनेट हे या मुक्तीचे टप्पे होत. मोठ्या उत्पादकांना न दिसलेली मागणी ग्राहकांनी स्वतःच पैसे गोळा करून पूर्ण केली, ही बाब आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगी आहे.

एनकेस एम१ मध्ये सुमारे १३० मिलिमीटर उंचीचा कूलर बसे. डॅन ए४ मध्ये ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पाठीशी नेऊन बसविल्यामुळे कॅबिनेट अत्यंत अरुंद झाले आणि कूलरसाठी उरले अवघे ४८ मिलिमीटर. या एका आकड्याभोवती कूलरांचा एक नवा वर्ग उभा राहिला. नॉक्टुआचा २०१२ चा एनएच-एल९आय आधीच उपलब्ध होता : २३ मिलिमीटरचा धातू आणि १४ मिलिमीटरचा पंखा मिळून उंची ३७ मिलिमीटर, लांबी-रुंदी ९५ मिलिमीटर. जर्मनीतील अल्पेनफोन कंपनीचा 'ब्लॅक रिज' हा ४७ मिलिमीटरचा कूलर तर या कॅबिनेटच्या कर्त्यांच्या सहकार्यानेच तयार झाला. तो मेमरीच्या पट्ट्यांवरही पसरत असल्यामुळे ठेंगण्या पट्ट्याच घ्याव्या लागतात. एक मिलिमीटर राखून ठेवणारी ही रचना पाहिली की जुन्या वाड्यांतील सुतारकामाची आठवण येते.

मात्र उंचीचा प्रश्न सुटला म्हणजे उष्णतेचा सुटला असे नाही. एक लिटर हवा एक अंशाने तापताना सुमारे १.२ ज्यूल उष्णता शोषते. प्रोसेसरचे १०० आणि ग्राफिक्स कार्डाचे २५० असे ३५० वॅट बाहेर टाकायचे आणि हवा दहाच अंशांनी तापू द्यायची, असे ठरविल्यास दर सेकंदाला सुमारे २९ लिटर हवा लागते. ७.२ लिटरच्या कॅबिनेटमध्ये याचा अर्थ असा की आतील सर्व हवा दर सेकंदाला चार वेळा बदलली पाहिजे. म्हणून अशा कॅबिनेटच्या भिंती जाळीच्या असतात आणि म्हणूनच त्यांत कूलरचा पंखा जाळीच्या जितका जवळ तितका बरा. पंखा आणि जाळी यांत दोन बोटांचे अंतर राहिले तर कूलरने सोडलेली गरम हवाच तो पुन्हा ओढून घेतो. ठेंगण्या कूलरमध्ये हवा वरून खाली मदरबोर्डवर आदळते, हा दोष मानला जातो. पण तिच्यामुळे प्रोसेसरला वीज पुरविणारे घटकही थंड राहतात, जे टॉवर जातीच्या कूलरला सहसा साधत नाही. दुसरीकडे ग्राफिक्स कार्डांची भूक वाढतच गेली. २०१६ च्या जीटीएक्स १०८० ला १८० वॅट, २०२० च्या आरटीएक्स ३०८० ला ३२० वॅट, २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट. लहान पेटीतील प्रोसेसर-कूलरचा खरा शत्रू आता प्रोसेसर नसून हा शेजारी आहे.

वॅटच्या आकड्याचा अर्थ

कूलर निवडताना ग्राहक प्रोसेसरच्या खोक्यावरील टीडीपी म्हणजे औष्णिक आराखड्याचा वॅटमधील आकडा पाहतो. हा आकडा मुळात ग्राहकासाठी नव्हताच. कूलर आखणाऱ्या अभियंत्याला दिलेली ती सूचना होती. १९९० च्या दशकात तो प्रत्यक्ष उष्णतेच्या जवळ असे. कालांतराने तो मालाच्या प्रतवारीचे नाव बनला. २०२२ च्या कोअर आय९-१३९००के वर १२५ वॅट हा मूळ आकडा असला तरी इंटेलनेच त्याची कमाल मर्यादा २५३ वॅट दिली आहे. उलट, २०२३ च्या रायझेन ७ ७८००एक्स३डी वर १२० वॅट लिहिले असले तरी गेम चालविताना तो त्याहून बराच कमी घेतो. दोन्ही आकडे जवळपास सारखे. एकासाठी ठेंगणा कूलर सर्वथा अपुरा, तर दुसऱ्यासाठी गेमिंगपुरता चालण्याजोगा. नॉक्टुआने आपल्या कूलरांची क्षमता टीडीपीच्या वॅटमध्ये न सांगता स्वतःची तुलनात्मक गुणांकपद्धती स्वीकारली, ही या आकड्याच्या अवमूल्यनाची अप्रत्यक्ष कबुलीच होय.

नेमक्या याच काळात खोक्यातील कूलरही नाहीसा झाला. २०१५ मध्ये इंटेलने आपल्या ६६००के आणि ६७००के या प्रोसेसरांबरोबर कूलर देणे थांबविले. एएमडीनेही २०१७ पासून रायझेनच्या वरच्या काही प्रोसेसरांबाबत तेच केले. आकड्याचा अर्थ धूसर झाला आणि त्याच आकड्यावर निर्णय घेण्याची जबाबदारी ग्राहकावर आली. या दोन घटना एकाच दशकात घडाव्यात, हा निव्वळ योगायोग नव्हे. मोफत मिळणाऱ्या कूलरने ज्याचे समाधान होत नाही, अशा ग्राहकासाठीच हे प्रोसेसर असल्याने कूलर वगळणे उत्पादकाला फायद्याचे आणि ग्राहकाला मान्यही होते. हौशी मंडळींनी १९९८ मध्ये स्वखुशीने उचललेले ओझे २०१५ नंतर सर्वांच्या डोक्यावर आले.

बेचाळीस अंश

टीडीपीचा आकडा कसा काढतात, याचा एक नमुना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमडीच्या रायझेन ७ २७००एक्स साठी प्रोसेसरच्या वरच्या झाकणाचे तापमान ६१.८ अंश, कूलरच्या पंख्यापाशी येणाऱ्या हवेचे तापमान ४२ अंश आणि कूलरचा औष्णिक रोध दर वॅटला ०.१८९ अंश अशी गृहीतके आहेत. ६१.८ मधून ४२ वजा करून उत्तराला ०.१८९ ने भागले की १०५ वॅट येतात. यातील ४२ हा आकडा कॅबिनेटच्या आतील हवेचा आहे, खोलीचा नव्हे, हे विशेष.

समशीतोष्ण प्रदेशातील पंचवीस अंशांच्या खोलीत कॅबिनेटमधील हवा ४२ अंशांवर जाणे म्हणजे पुष्कळच सवलत झाली. विदर्भात हे गृहीतक उलटे उभे राहते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी ४० अंश तापमान आणि लहान कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या शेजारामुळे त्यात सात अंशांची भर धरली तर पंख्यापाशी ४७ अंशांची हवा येते. त्याच सूत्राने आता १०५ ऐवजी अवघे ७८ वॅट उरतात. प्रोसेसर लगेच बंद पडत नाही, कारण ६१.८ ही त्याची सहनमर्यादा नाही. तो अधिक तापतो, पंखा ओरडू लागतो आणि नंतर वेग उतरतो. जर्मनी किंवा तैवानमधील चाचणीवरून कूलर निवडणाऱ्या येथील ग्राहकाने त्या चाचणीतील खोलीचे तापमान प्रथम पाहिले पाहिजे. कूलरची गुणवत्ता ही नेहमीच तापमानांतील फरकात मोजली जाते. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास दहा अंशांनी वर चढतो. खिडकीत वाळ्याचा कूलर असलेल्या खोलीत मात्र येणारी हवाच काही अंशांनी उतरते, आणि हे काम प्रोसेसरवरील कोणत्याही महागड्या कूलरला साधणारे नाही. धुळीचा विचार वेगळा करावा लागतो. दाट पाकळ्यांच्या ठेंगण्या कूलरमध्ये धूळ लवकर गच्च बसते आणि जाळीच्या भिंती तिला अडवीत नाहीत.

२०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालणे हेच त्यांचे अपेक्षित वर्तन असल्याचे एएमडीने जाहीर केले. कूलर चांगला असो वा सामान्य, प्रोसेसर ९५ पर्यंत जाईल. चांगल्या कूलरबरोबर तेथे पोहोचेपर्यंत तो अधिक काम करील. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी त्याच प्रोसेसरला ६५ वॅटच्या वर्गात उतरविण्याची सोय कंपनीने ठेवली आहे आणि लहान कॅबिनेट वापरणारे अनेक जण तिचा उपयोग करतात. गेमिंगमध्ये त्यामुळे होणारी घट सामान्यतः किरकोळ असते. म्हणजे कूलर निवडण्याचा प्रश्न पुष्कळ प्रमाणात प्रोसेसर निवडण्याचा आणि त्याला आवर घालण्याचा प्रश्न झाला. नॉक्टुआने याच वर्षी नव्या रायझेनसाठी आपल्या ठेंगण्या कूलरची एएम५ आवृत्ती काढली. मदरबोर्डवर बसविण्याचे सांधे बदलले. उंची २०१२ मध्ये होती तीच, ३७ मिलिमीटर.